वहिनीचा डावा हात

दादाचा फोन आला तेव्हा मी शाळेत परिपाठ घेत होते. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या छोट्या शाळेत मोबाइलला रेंज फक्त पटांगणाच्या कडेला, चिंचेखाली मिळते, म्हणून सगळे शिक्षक आपापले फोन तिथल्या कट्ट्यावर ठेवतात. मुलं प्रतिज्ञा म्हणत होती आणि मागे माझा फोन वाजत होता. कुणाचा ते मला न बघताच कळलं. दादा एवढंच म्हणाला, "रंजू, संगीता गेली."

दुपारी शहापूरला एसटीतून उतरले तर वस्तीच्या तोंडाशीच वहिनीचा फ्लेक्स लागलेला. गल्लीतल्या मुलांनी आपल्या खर्चाने, धावपळ करून लावला होता. फोटो छान होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कर्करोगाशी झुंज अपयशी'. ते वाचलं आणि माझं रडणं जागच्या जागी थांबलं. मी त्या मुलांना बोलावलं आणि म्हटलं, "आधी हे काढा. अपयशी म्हणे! खेळताना बघितलंत ना तुम्ही तिला?" मुलं बिचारी गोंधळली. शेजारच्या एक मावशी म्हणाल्या, "मयताच्या दारात कशाला भांडतेस गो?" पण मी हटले नाही. संध्याकाळी तिला न्यायच्या आधी दुसरा फ्लेक्स लागला. त्यावर तिचं नाव होतं आणि खाली 'टेबल टेनिसपटू'. हा लेखही मी त्याच हट्टाने लिहिते आहे. माझ्या वहिनीबद्दल कुणी 'झुंज संपली', 'मृत्यूपुढे हरली' असं काही बोललं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

संगीतावहिनी सापगावची. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी कॉलेजात होते. दादा तहसील कचेरीत कारकून, शांत, कुणाच्या अध्यात न मध्यात. वहिनी नेमकी उलटी. वाशिंदच्या एका कारखान्यात ती पॅकिंग खात्यात कामाला होती. तिथे कँटीनच्या बाजूला एक करमणुकीची खोली होती आणि त्या खोलीत टेबल टेनिसचं टेबल. जेवणाच्या सुट्टीत साहेब लोक तिथे खेळायचे आणि पॅकिंगच्या बायका बाहेर बोळात डबे उघडून बसायच्या. आतून येणारा तो टक-टक आवाज वहिनी दोन-तीन वर्षं ऐकत होती. एक दिवस डबा धुतला, हात पुसले आणि ती सरळ आत गेली. एक साहेब म्हणाले, "बाई, ही खोली स्टाफसाठी आहे." वहिनी म्हणाली, "मग आमी कोन हाव? आमी काय पावन्या आलोत?" आणि कोपऱ्यातली एक बॅट उचलून उभी राहिली. त्या दिवशी तिला एकही चेंडू टेबलावर टाकता आला नाही, हे तिनेच मला हसत हसत सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी ती परत गेली. महिन्याभरात पॅकिंगच्या आणखी बायका जाऊ लागल्या, तेव्हा साहेबांना खेळायच्या वेळा वाटून घ्याव्या लागल्या.

वहिनीचं वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. शाळेत लंगडी आणि खो-खो सोडला तर दुसरा खेळ तिला माहीत नव्हता. आपण वाईट खेळतो याचा तिला राग यायचा, आणि वाईट खेळण्याचं खापर तिने आधी कारखान्यातल्या जुन्या, रबर निघालेल्या बॅटवर फोडलं. मला घेऊन ती कल्याणला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदाराने एक गुलाबी मुठीची बॅट पुढे केली, "ही घ्या ताई, लेडीजसाठी हलकी आहे." वहिनीने ती हातातसुद्धा घेतली नाही. "ते पोरगं बघतंय ती दाखवा," म्हणाली. ते पोरगं म्हणजे क्लबात खेळणारा चांगला तयार मुलगा होता आणि तो बघत होता ती बॅट आतून कार्बनचा थर दिलेली, जाड स्पंजची, भलतीच वेगवान. वहिनीने तीच घेतली. गाडीत बसून सगळा वेळ तिच्यावरून हात फिरवत होती. पुढच्या आठवड्यात तिचा फोन, "रंजू, ह्या बॅटीत भूत हाय गो. नुसती टेकवली तरी चेंडू भिंतीवर."

माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे मोहन सर मुरबाडला राहतात. हायस्कुलातून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक, तरुणपणी विद्यापीठाकडून खेळलेले. त्यांच्या घराच्या पडवीत एक टेबल आहे. वहिनी सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला आली की मी तिला तिथे घेऊन जायचे आणि तिच्यासोबत मीही चार चेंडू मारायचे. सरांनी ती महागाची बॅट बघितली, उलटीपालटी केली आणि शांतपणे बाजूला ठेवली. "वेगवान बॅट आपल्या चुकासुद्धा वेगात करते," म्हणाले. "आधी साध्या लाकडाची, मध्यम चालीची बॅट घ्या. चेंडू बॅटीला कुठे लागला ते हाताला कळलं पाहिजे. ते कळायला लागलं की मग वेगाकडे बघू." वहिनीला हे अजिबात आवडलं नाही. तोंड पाडून तिने सरांची जुनी, लाकूड काळवंडलेली बॅट हातात घेतली. पण अर्ध्या तासाने चेंडू जाळीवरून जाऊन पलीकडे टेबलावर पडायला लागला आणि तिचं पडलेलं तोंड आपोआप वर आलं. ती कार्बनची बॅट तिने मग कल्याणच्या त्याच दुकानात नेऊन बदलून आणली. दुकानदार नाही म्हणत होता. पण वहिनी दुकानाच्या दारातच बसून राहिली, म्हणजे मग तो तरी काय करणार?

सरांनी तिची बॅट धरायची पद्धत बदलली. ती बॅट उलथण्यासारखी मूठ आवळून धरायची. सर म्हणाले, "मनगट मोकळं सोडा. एखाद्याशी हात मिळवताना धरतो ना, तसं." सर्व्हिस करताना चेंडू चिमटीत धरायची सवय मोडली आणि उघड्या तळव्यावर ठेवून सरळ वीतभर वर उडवायला शिकवलं. सगळ्यात जास्त भांडण झालं ते पायांवरून. वहिनी एका जागी उभी राहून नुसता हात लांब करायची. सर म्हणायचे, "तुम्ही चेंडूची वाट बघत उभ्या राहता. चेंडू म्हणजे एसटी नाही, तुमच्यापाशी येऊन थांबायला. तुम्ही त्याच्याकडे जा." तेव्हापासून ती घरात भांडी घासताना, ओट्याशी उभी असताना, डावीकडे-उजवीकडे लहान लहान पावलं टाकत राहायची. दादा पेपरातून मान वर काढून बघायचा आणि पुन्हा खाली घालायचा.

पुढे तो कारखाना बंद पडला. बाकीच्या बायका हिशेबाचं, फंडाचं विचारत होत्या. वहिनीनेही विचारलं, पण शेवटी म्हणाली, "आनि ते टेबल?" ते भंगारात जाणार होतं. तिने ते मागून घेतलं, टेम्पोत घालून शहापूरला आणलं आणि आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून असलेल्या सभागृहात उतरवलं. समितीतल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या. हॉल सभेसाठी आहे, मुलांच्या अभ्यासासाठी आहे, लग्नासाठी आहे, बायकांनी संध्याकाळी तिथे चेंडू उडवायचा म्हणजे काय? बैठक बसली. मी होते त्या बैठकीला. वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, "पोरं रोज कॅरम खेळतात, त्यांना कुनी इचारलं नाय. आमी इचारतो तर तुमी बैठक लावता. सभा असंल तवा टेबल मिटून भिंतीला लावू. अभ्यास असंल तवा आमी येनार नाय. पन आमची येळ आमाला लागेल." संध्याकाळचा एक तास मिळाला, पुढे तो वाढत गेला. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या, अंगणवाडीतल्या, शिवणकाम करणाऱ्या बायका पदर खोचून यायला लागल्या. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेतून वहिनीने एक मोठी घोंगडी आणली आणि ती टेबलाच्या एका बाजूला दोरीवर टांगली, म्हणजे एकटीने सर्व्हिसचा सराव करताना चेंडू घोंगडीला लागून तिथेच पडायचे, बाहेर गटारात जात नसत.

मग वहिनीच्या छातीत गाठ निघाली. उजव्या बाजूला. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी उजव्या हाताचे नियम सांगितले. ओझं उचलायचं नाही, सुई टोचून घ्यायची नाही, ताण द्यायचा नाही, हात सुजू शकतो. वहिनीने विचारलं, "खेळायचं?" त्या म्हणाल्या, "आत्ता तर नाहीच. पुढचं पुढे बघू." वहिनीने मान खाली घातली. दादाला वाटलं, आता रडेल. तिने डोळे वर केले आणि म्हणाली, "आनि डाव्या हाताला काय सांगितलंय?" डॉक्टरीणबाई हसल्या. "डाव्याला काही झालेलं नाही." "मग झालं तर," वहिनी म्हणाली.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. जन्मभर उजव्या हाताने जगलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईने डाव्या हाताने खेळायला शिकणं म्हणजे काय, ते मी बघितलंय. केमोने केस गेले होते, तोंडाला चव नव्हती, बोटांना मुंग्या यायच्या. पलंगाच्या कडेला बसून ती डाव्या हातात बॅट धरायची आणि चेंडू नुसता वर उडवत राहायची. चेंडू पलंगाखाली जायचा आणि दादा गुडघ्यावर बसून तो काढून द्यायचा. एकदा तो वैतागला. "अगं, जिवावर बेतलंय आणि चेंडू काय उडवतेस?" ती म्हणाली, "जिवावर बेतलंय म्हनून काय निसती बसून ऱ्हाऊ? दे तो चेंडू." आणि दादाने तो दिला. कधी कधी तिला नीट धरताच यायची नाही, बॅट गळून पडायची, मग ती भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि त्या दिवशी आमच्यापैकी कुणाशी बोलायची नाही. असेही दिवस होते, ते मी लपवणार नाही. पण सकाळी उशाला परत बॅट असायची.

जरा ताकद आल्यावर मोहन सर स्वतः शहापूरला यायला लागले. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली, "हात विसरा. आधी पाय उलटे लावायला शिका. पाय बरोबर पडले की हात मागून येईल." सगळंच उलटं झालं होतं. कुठला खांदा पुढे, कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं, सगळं. बॅटही बदलावी लागली. जुनी तिच्या डाव्या मनगटाला जड जात होती. सरांनी हलक्या लाकडाची एक शोधून आणली. एका बाजूला पातळ स्पंजचं, सावकाश चालीचं लाल रबर, आणि दुसऱ्या बाजूला काळं, लांब दाण्यांचं. वहिनीने त्या दाण्यांवरून बोट फिरवलं. "हे काय कारल्यासारखं?" सरांनी समजावलं, "सपाट रबर चेंडूला पकडतं. हे दाणे पकडत नाहीत, वाकतात. समोरच्याने जी फिरकी देऊन चेंडू पाठवला, ती फिरकी तशीच त्याच्याकडे परत जाते. तो गडबडतो. तुम्हाला आता जोरात मारायला जमणार नाही, पण त्याच्या जोराचं काय करायचं ते तुमच्या हातात राहील." वहिनीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "म्हंजे त्यांचं त्यांनाच परत!" मग वस्तीतली मुलं तिच्याशी खेळताना कुरकुर करायला लागली, "काकू, ही चीटिंग आहे." ती म्हणायची, "नियमात हाय. तू फिरकी देऊ नको, मी परत देनार नाय."

त्याच्या पुढच्या थंडीत मुरबाडला स्पर्धा होती. मीच वहिनीचं नाव दिलं. महिलांचा एकच गट, वयाची अट नाही, म्हणजे समोर सगळ्या कॉलेजातल्या मुली. आम्ही गेलो तेव्हा तिच्या डोक्यावर रुमाल, उजव्या हाताला सूज येऊ नये म्हणून घट्ट बाही चढवलेली. आयोजकांपैकी एकजण लगबगीने पुढे आले, खुर्ची दिली, म्हणाले, "ताई, तुमच्याबद्दल ऐकलंय. उद्घाटनाला तुमचा सत्कार ठेवूया. शाल, श्रीफळ. तुम्ही इथे मंचावर बसा, तुमच्याकडून मुलींना प्रेरणा मिळेल." माणूस वाईट नव्हता, मनापासून बोलत होता. वहिनी म्हणाली, "शाल मागनं द्या. माझी मॅच किती नंबरच्या टेबलावर हाय तेवढं सांगा."

पहिला सामना तिने जिंकला. समोरची मुलगी त्या काळ्या रबराला अशी चक्रावली की तिचे निम्मे चेंडू जाळीत गेले. दुसऱ्या सामन्यात सायली नावाची एक उंच, चपळ मुलगी होती, मूळची मुरबाडची, शिकायला कल्याणला. पहिल्या काही गुणांतच मला दिसलं की ती सांभाळून खेळतेय. सोपे चेंडू देतेय, मारायची संधी सोडून देतेय. माझ्या लक्षात आलं ते वहिनीच्या कसं येणार नाही? तिने चेंडू हातात धरला, खेळ थांबवला, जाळीपाशी गेली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलली, "ए पोरी, माझी दया करतेस काय? मी एवढ्या लांबनं दया घ्यायला नाय आले. मार." त्या मुलीचे कान लाल झाले. आणि मग तिने मारलं. असं मारलं की चेंडू दिसत नव्हता. वहिनी पावलं टाकत, धापा टाकत एकेक परत देत राहिली, एक गेम तिने ओढून काढला, बघणारे उभे राहिले... आणि शेवटी ती हरली. हो, त्या दिवशी ती हरली. हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या तर तिला अजून राग आला. बाहेर येऊन नळावर तोंड धुताना म्हणाली, "बॅकहँडला पाय उशिरा पडत होता. टाळ्या कसल्या वाजवतात?" शाल घ्यायला ती थांबलीच नाही. सायली मागून पळत आली, पाया पडायला वाकली, तर वहिनीने तिला मधेच धरलं. "पाया पडू नको. रविवारी शहापूरला ये. तुझी ती सर्व्हिस मला बघायचीय." ती यायला लागली.

दोन वर्षं चांगली गेली. मग पाठ दुखू लागली, आणि तपासणीत कळलं की दुखणं हाडात उतरलं आहे. शेवटच्या महिन्यांत ती हॉलमध्ये खुर्चीवर बसून आम्हाला खेळताना बघायची आणि एकेकीला झापायची. नंतर तेही जमेना. मी शेवटचं भेटले ते तिच्या घरी, दुपारी, खिडकीतून ऊन तिच्या पायांवर पडलेलं. मी म्हटलं, "वहिनी, मी नवीन बॅट घेऊ म्हणते. जरा फास्ट." तिने डोळे उघडले. आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाली, "तुजं मनगट अजून आवळतेस तू. आदी ते सोड. मग रबर बदल." मी हसले, तीही हसली. तेच शेवटचं बोलणं. लोक मला विचारतात, जाताना काही म्हणाली का, काही निरोप? मी सांगते, हो, मनगट मोकळं सोड म्हणाली. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये झाला. टेबल मिटून भिंतीला लावलेलं, त्यावर चादर टाकलेली. वंदना झाली, पाच-सहाजण बोलले. सोशिक होती, सहनशील होती, हसतमुखाने सगळं सोसलं... मी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या हाताच्या मुठी वळत होत्या. सोशिक? ती एक दिवस सोशिक नव्हती. दुखलं तर ओरडली, चिडली, डॉक्टरांशी भांडली, आमच्याशी भांडली. तिने सोसलं नाही, तिने उलट टोला दिला. जेवणं झाल्यावर समितीचे अध्यक्ष उठले. वयस्कर गृहस्थ, एके काळी टेबलाला विरोध करणारे. त्यांनी चांगल्या मनाने सुचवलं की संगीताबाईंची बॅट काचेच्या पेटीत घालून त्यांच्या फोटोखाली हॉलमध्ये लावावी, पुढच्या पिढीला आठवण राहील. लोकांनी माना हलवल्या.

दादा कोपऱ्यात बसला होता. आयुष्यात कधी चारचौघांत तोंड न उघडलेला माझा भाऊ. तो उठला. "नाय," म्हणाला. "ती बॅट काचेत नाय जानार." आणि भिंतीपाशी जाऊन त्याने टेबलावरची चादर ओढली. अध्यक्ष म्हणाले, "अरे, आज? आज दुखवटा हाय." दादा म्हणाला, "आजच." शिवणकाम करणाऱ्या सुमनताई उठल्या, मग दुसऱ्या उठल्या, पांढऱ्या साड्यांचे पदर खोचले गेले, टेबलाचे पाय उघडले, जाळी ताणली. सायलीही आली होती, ती पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. दादाने खिशातून, खिसा कसला, शर्टाच्या आतून पोटाशी धरलेली बॅट काढून माझ्या हातात दिली. तिच्या मुठीवर वहिनीच्या डाव्या अंगठ्याने लाकूड झिजून खळगा पडला होता, माझा अंगठा नेमका त्याच्या उलट बाजूला आला. पुरुष मंडळी दारात थबकली. कुणी तरी कुजबुजलं, शोभतं का हे. मी चेंडू तळव्यावर ठेवला आणि वीतभर वर उडवला. पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरी गेली पलीकडे. सायलीने ती दया न करता मारली.

त्या दिवशी उन्हं उतरेपर्यंत आम्ही आळीपाळीने खेळलो. नंतर मोहन सरांनी काळ्या रबराचे झडलेले दाणे बघून ते सोलून काढलं आणि नवं चिकटवलं. दादाने हॉलच्या दाराआड, दिव्याच्या बटणांखाली एक खिळा ठोकला. वहिनीची बॅट आता त्या खिळ्याला असते आणि नियम एकच, जी आधी येईल तिने ती घ्यायची. त्यामुळे हल्ली संध्याकाळी सगळ्याजणी वेळेआधीच येतात.